तीन नळ्या, एक सायलेन्सर

पेण-रोहे संयुक्त शालेय क्रीडास्पर्धा पेणच्या एका शाळेच्या मैदानावर भरवायचं ठरलं, तेव्हा धावण्याच्या शर्यतीत आवाज होतो ही बाब प्रशासनाच्या प्रथमच लक्षात आली. शाळेपासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. मैदान शाळेपासून शून्य मीटरवर होतं. त्यात परवानगीच्या अर्जात गडबच्या शाळेचे क्रीडाशिक्षक कमळाकर गुरुजी यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘शर्यत सुरू करण्यासाठी पिस्तूल वापरले जाईल.’ हा प्रामाणिकपणा त्यांना पुढे महिनाभर पुरला.

अर्ज तालुका ध्वनिसंयम समितीकडे गेला. समितीच्या सचिवसाहेबांनी गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजींनी समजावून सांगितलं, की हे टिकली फोडायचं पिस्तूल आहे, त्यात गोळी नसते, नुसता बार होतो. साहेब म्हणाले, बारालाच तर हरकत आहे. गुरुजींनी शिट्टीचा पर्याय सुचवला. पण जिल्ह्याचा नियम होता, की पिस्तुलाशिवाय सुरू झालेल्या शर्यतीची वेळ निवडीसाठी धरली जाणार नाही. म्हणजे पिस्तूल हवंच होतं आणि आवाज नकोच होता. साहेबांनी दोन्ही अटी एका फायलीत घातल्या आणि मार्ग काढला. पिस्तुलाला सायलेन्सर लावावा.

गुरुजी घरी निघून गेले असते. पण त्यांच्या शाळेत मैना होती. खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या जनूची ही पोर मिठागराच्या बांधावर अनवाणी पळायची. गुरुजींनी दोन वर्षं तिला तयार केलं होतं. दोनशे मीटरला तिची वेळ जिल्ह्यातल्या गेल्या साली पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा चांगली होती. या स्पर्धेतून पहिल्या दोघींची जिल्ह्यासाठी निवड व्हायची. जिल्ह्यात चमकली तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर दहावीनंतर मीठ ओढायचं, हे जनूने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून गुरुजी साहेबांपुढे मान हलवून आले.

साहेबांच्या कार्यालयाने ‘शांतता साधन, नग एक’ मागवलं. पुरवठादाराचा मूळ धंदा मोटारसायकलींच्या सायलेन्सरचा होता, हे साधनाच्या लांबीवरून कळत होतं. स्पर्धेसाठी पिस्तुलं तीन होती, पेणचं, रोह्याचं आणि गडबचं. एक अडलं तर दुसरं हाताशी हवं. तिन्हींच्या नळ्या वेगवेगळ्या मापाच्या, आणि सायलेन्सर एकाही नळीवर बसेना. साहेबांनी शेरा मारला, ‘योग्य ते अडॅप्टर बनवून घ्यावेत.’

गुरुजी तिन्ही पिस्तुलं पिशवीत घालून रोह्याला, लोखंडाचे सुटे भाग कातून देणाऱ्या हिरामणच्या लेथवर गेले. हिरामणने नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि त्यांच्या तोंडांवरून बोट फिरवलं.

“गुरुजी, ह्या नळ्या पुढून बंद हायत. आवाज वरच्या भोकातून येतो. पुढं काय पण बसवा, तो वरूनच येनार.”

गुरुजींना हे ठाऊक होतं. त्यांनी साहेबांना तसं लेखी कळवलंही होतं. नियमात पिस्तुलाचा उल्लेख आहे, भोकाचा नाही, असं उत्तर आलं होतं. हिरामणने मग आटे पाडून तीन अडॅप्टर केले. काम सुरेख झालं. आपल्या हातून इतकं नेमकं आणि इतकं निरुपयोगी काम कधी झालं नव्हतं, असं तो म्हणाला.

चाचणीच्या दिवशी समितीचे सदस्य आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. गुरुजींनी चाप ओढला. दणक्याने कावळे उडाले.

“अडॅप्टर बसलाय, सायलेन्सर बसलाय, मग आवाज कसला?” साहेबांनी विचारलं.

“टिकलीचा.”

“परवानगीत टिकली नमूद नाही.”

दुसरी चाचणी टिकलीशिवाय झाली. टक् असं झालं. सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या. ‘पिस्तुलाचा आवाज ऐकू आला नाही’ या प्रमाणपत्राखाली गुरुजींनीही सही केली. सही नसती तर परवानगी नव्हती, आणि मैनाला पळायला मिळायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या शर्यती शांततेत, टक् ऐकूनच सुटल्या. दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीला सहा मुली रेषेवर वाकल्या, आणि त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. बेंजोचा ताफा वाजू लागला, भिंतीएवढे स्पीकर सुरू झाले. गुरुजींनी यंत्रवाल्या सदस्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, स्वागत हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, आमची कार्यकक्षा पिस्तुलापुरती. आणि त्यांनी यंत्र पिस्तुलाजवळ धरलं.

गुरुजींच्या खिशात टिकल्यांची डबी होती. सकाळीच घेतली होती. हात खिशापर्यंत गेला, डबीला लागला आणि रिकामा परत आला. त्यांनी चाप ओढला. टक् झालं असावं. त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. मुली जागच्या जागी होत्या.

एवढ्यात मांडवापाशी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. पहिल्याच बाराला पाच मुली सुटल्या, आणि पलीकडच्या टोकाला वेळ घेणाऱ्यांनी घड्याळं चालू केली. मैना मात्र वाकलेलीच राहिली. पिस्तुलाशिवाय कुठल्याही आवाजाला पाय उचलायचा नाही, असं गुरुजींनी तिला दोन वर्षं बजावलं होतं. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “पळ!” ते ओरडले, तेव्हा ती सुटली. तिघींना तिने मागे टाकलं. तिसरी आली.

“गुरुजी, तुमी उडवलेलं व्हय?” तिने विचारलं.

“हो.”

“मना नाय ऐकू आलं,” ती म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

गुरुजी हरकतीचा अर्ज घेऊन उभे राहिले. शर्यत फटाक्याने सुरू झाली, असं सांगणारे दोन साक्षीदार लागत होते. वेळ घेणारे म्हणाले, आमची घड्याळं बरोबर चालली. पंच म्हणाले, निकाल लागलाय, आता कशाला. पालक म्हणाले, आमचं लक्ष पाहुण्यांकडे होतं. साहेबांनी मात्र गुरुजींना आपणहून मंचावर बोलावलं आणि दिवसभरात एकदाही पिस्तुलाचा आवाज न झाल्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी वाकून ते घेतलं.

मैना आता मिठागरात असते. अर्जावरच्या साक्षीदारांच्या दोन ओळी कोऱ्याच आहेत. मैदानाभोवती त्या दिवशी हजारभर माणसं होती, आणि आपण तिथे नव्हतो, असं त्यातला प्रत्येक जण सांगतो. वाचकहो, आपणही नव्हता ना?