गायकवाडकाका आणि दिव्यांची माळ

नाताळचा सिनेमा शेवटाला आला, की गायकवाडकाका आमच्या टीव्हीशी भांडायला लागतात. छताच्या कडेला पोरगं लटकतंय, खाली आईबाप रडतायत, त्याला वर ओढायला कुत्रा तोंडात पेटत्या दिव्यांची माळ धरून धावतोय, आणि आमच्या सोफ्यावरून आवाज येतो, "अरे, आधी मेन स्विच बंद करा की!"

काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. विश्रांतवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. डिसेंबरात माझी लेक चिऊ असले सिनेमे ओळीनं लावते आणि काका न चुकता हजर होतात. "ती माळ बादलीभर पाणी पेलायची नाही. वीस किलोचं पोरगं काय पेलतेय!" एकदा सिनेमातल्या बापानं शिडी चुकीच्या कोनात लावली, तर काकांनी चहा अर्धा सोडला. गोठलेल्या नदीतून नातवाला ओढणाऱ्या आजोबांना त्यांनी जागच्या जागी निलंबित केलं. चिऊ रडकुंडीला येते. शेवटी मी वैतागून म्हटलं, "काका, तुमच्याकडेही टीव्ही आहे ना?"

"आहे की. पण तिथं हे खोटं आहे म्हणून सांगायचं कुणाला?"

मी त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला.

गेल्या नाताळच्या दुपारी माझी आई लिफ्टमध्ये अडकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, एकटी, अंधारात, वर बीपीचा त्रास. "सुजाता, जीव घाबरा होतोय गं," असं ती आतून ओरडली. मी वॉचमनची पहार उचलून आणली. इतके सिनेमे पाहिल्यावर दुसरं काय सुचणार?

आवाज ऐकून आलेल्या काकांनी माझ्या हातातून पहार काढून घेतली. "दार उचकटायचं नाही. आधी मेन स्विच." मी खाली जाऊन लिफ्टचा स्विच बंद केला. मेकॅनिक स्वारगेटहून निघत होता, म्हणजे तासाची निश्चिंती. काकांनी घरून स्टूल आणलं आणि लिफ्टच्या दाराला तोंड लावून बसले. ना शिडी, ना दोर.

"जय भीम ताई, मी गायकवाड. आत हवा येतेय, काळजी नको. खाली बसा. चिऊचा कालचा सिनेमा सांगतो."

आणि त्यांनी तो सबंध सांगितला. पोरगं लटकलं, कुत्रा धावला, माळ खाली सोडली. मी जिन्यात उभी होते. म्हटलं, आता हे खोट काढणार. तेवढ्यात आतून आईचा बारीक आवाज आला, "माळ तुटली असेल ना हो?"

काका दाराच्या फटीशी आणखी वाकले.

"नाही ताई. पक्की होती. पोरगं अलगद वर आलं."

मेकॅनिक आला तोवर दोन सिनेमे सांगून झाले होते. आई बाहेर आली ती घामानं भिजलेली, पण शांत. काकांचा घसा पार बसला होता. मी हात जोडले. ते म्हणाले, "ते राहू दे. पहार जागेवर ठेवलीस का?"

त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहिले ते राहिलेच. सोफ्यावरचा तो कोपरा मात्र आता त्यांचा आहे, तिथं आम्ही पाहुण्यांनाही बसू देत नाही.

यंदा चिऊनं तोच सिनेमा लावला. पोरगं लटकलं आणि काकांनी तोंड उघडलं. शेजारी बसलेली आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "अहो गायकवाड, माळ पक्की आहे."

"आहे, ताई," काका म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.