महाशिंपल्यांची अनधिकृत वस्ती

प्रत्येक प्राण्याने आपापल्या जागी राहावे, हा सुव्यवस्थेचा पाया आहे. या बाबतीत महाशिंपल्यासारखा शहाणा जीव नाही. एकदा खडकावर बसला की जन्मभर जागचा हलत नाही. (खात्यातल्या कायम कर्मचाऱ्यांनाही मधूनमधून चहाला उठावं लागतं.) म्हणून खात्याने त्याच्यासाठी संरक्षित क्षेत्र आखलं आणि त्याचा नकाशा नकाशेवाल्या बाईंच्या स्वाधीन केला. बाईंनी बावीस वर्षं त्यावर धूळ बसू दिली नाही.

मग पाणी तापलं. म्हातारे शिंपले आधी पांढरेफटक पडले, मग मेले. त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं मात्र प्रवाहाबरोबर वाहत दूरच्या गार पाण्यात गेली आणि तिथे वाढली. (कोणाचीही परवानगी न घेता.)

बाईंचा धाकटा दीर खात्यातच पाणबुड्या. एकदा तो ओल्या केसांनीच टेबलापाशी आला.

"वहिनी, तुमच्या हद्दीत नुसती कवचं उरलीत. जिवंत आहेत ते सगळे पलीकडच्या खडकांवर. चारशे बारा मोजले मी."

"अरे, तिथं तर बोटींसाठी नवा धक्का होतोय. दोन महिन्यांनी, एक तारखेला सुरुंग लावणार आहेत."

"म्हणून तर आलो. हद्द तेवढी सरकवा."

 बाईंनी तसा प्रस्ताव पाठवला. साहेबांचं उत्तर लेखी आलं: संरक्षित क्षेत्रात वर्षभरात चोरी शून्य, तक्रारी शून्य, शिंपले शून्य. इतकं निर्दोष संरक्षण हलवणं उचित नाही. पलीकडची वस्ती अनधिकृत असून, रहिवाशांना मूळ जागी परतण्यास पंधरा दिवसांची मुदत द्यावी. (नोटीस दिराने बुडी मारून बजावली. पोच मिळाली नाही.)

बाई हटल्या नाहीत. नियमावली चाळता चाळता त्यांना एक कलम सापडलं: कोणाही नागरिकाची एक लेखी हरकत आली, की धक्क्याचं काम थांबतं. कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक वगळून. (म्हणजे दोघंही बाद.) बाईंनी ठळक अक्षरांत जाहीर नोटीस केली, बसथांब्यावर स्वतः चिकटवली, शेजारी कोरे अर्ज आणि दोरीला बांधलेलं पेन लटकवलं. तीस दिवस रोज संध्याकाळी त्या अर्ज मोजायला जात. अर्ज तेवढेच राहिले. पेन तिसऱ्या दिवशी गेलं.

एक तारखेला सुरुंग उडाले. बाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

तुमच्यावर त्यांचा राग नाही. त्या नोटिशीला पाठ टेकून तुम्ही शेजारच्याला म्हणत होता, "उकाडा फारच वाढलाय हो, कोणीतरी काहीतरी करायला हवं." बाईंनी ते स्वतः ऐकलं. पण तोंडी हरकत ग्राह्य धरता येत नाही.