शिगवणकाका डावीकडे वळत नाहीत

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे शिगवणकाका मध्यंतरी सलग दोन महिने डावीकडे वळले नाहीत. पायी चालताना वळायचे. गाडीत बसले की नाही.

काकींचे दातांचे डॉक्टर आमच्या गेटमधून बाहेर पडून डावीकडे, दुसऱ्या गल्लीत. पायी चार मिनिटं. पण काकींचे गुडघे दुखतात, म्हणून काका त्यांना गाडीने न्यायचे. गेटमधून उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे, मग भाजीवाल्यांच्या गर्दीतून आणखी एकदा उजवीकडे, असं करत अख्ख्या पूनम सागर कॉम्प्लेक्सला प्रदक्षिणा घालून पंचवीस मिनिटांनी दवाखान्यात. काकी म्हणायच्या, "पोचेपर्यंत दात आपोआप बरा होतो."

कारण एवढंच, की गाडी डावीकडे वळवली की पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायचा. उजवीकडे वळवली की नाही.

"आवाजाचं प्रकरण आहे," काका मला म्हणाले. "तपास चालू आहे. तोवर त्या बाजूला वळणं योग्य नाही."

काका एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट अजून प्रकरणच आहे. गळणाऱ्या नळाचं प्रकरण, लिफ्टचं प्रकरण, जिन्यातल्या कबुतरांचं प्रकरण. प्रत्येकाची वेगळी वही. "आधी निरीक्षण, मग निष्कर्ष," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा सकाळी ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "सीमा, तुझ्या कुकरची शिट्टी आठवडाभर आखूड होत चाललीये. रिंग तपास." मी हसले. दोन दिवसांनी रिंग गेली. तेव्हापासून मी त्यांना हसत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

माझी स्कूटर त्यांच्या गाडीच्या शेजारी उभी असते. एका रविवारी सकाळी ती पुसायला खाली गेले, तर काका म्हणाले, "बरी आलीस. तुझे कान तरुण आहेत. जरा गाडीबरोबर चाल."

मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून काका कंपाउंडमध्ये गोल गोल फिरत राहिले आणि मी पुढच्या चाकाकडे कान करून, वाकून, बाजूने चालत राहिले. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. सात फेऱ्यांनंतर काका थांबले, वही उघडून आकडे लिहिले.

"काका, गॅरेजमध्ये का नाही देत? एका दिवसाचं काम असेल."

त्यांनी वही मिटली. "गॅरेजवाल्यांकडे मी जात नाही," असं म्हणाले आणि लगेच, आज उकाडा फार आहे, असंही म्हणाले.

त्यांनी फोनवर एका परदेशी माणसाचे व्हिडिओ शोधून काढले होते. वाक्यावाक्याला थांबवून ते सगळं मराठीत उतरवून घेतलं होतं. इंजिनाकडून चाकाकडे एक दांडा जातो, तो एक्सल. त्याच्या टोकाला एक सांधा असतो, आत लोखंडी गोळ्या आणि ग्रीस. त्यावर रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस उडून जातं, धूळ आत शिरते, गोळ्या झिजतात आणि वळताना कटकटतात. "माणसासारखंच आहे," काकी मध्येच म्हणाल्या. त्यांचा रोख स्वतःच्या गुडघ्यांकडे होता.

पहिल्या रविवारी काकांनी डावं चाक उघडलं. मी बॅटरी धरून उभी. रबराची टोपी एकदम धडधाकट निघाली. काका चक्रावले. व्हिडिओतला माणूस स्वच्छ सांगत होता, डावीकडे वळताना आवाज आला तर पॅसेंजरच्या बाजूचा सांधा बघा. दुपारी एकपर्यंत काका त्या निरोगी टोपीचं निरीक्षण करत राहिले. मग काकी जेवायला बोलवायला आल्या आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "अहो, ह्या माणसाचं स्टिअरिंग भलत्याच बाजूला आहे."

त्याच्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो. पॅसेंजर उजवीकडे.

काकांनी वहीतली एक ओळ खोडली. मग म्हणाले, "निष्कर्ष बदलावा लागेल."

दुसऱ्या रविवारी उजवं चाक उघडलं. टोपी उभी फाटलेली होती आणि आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी शाहभाईंना वरून बोलावून दाखवलं. शाहभाई आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते ग्रीसपासून चार हात लांब उभे राहून "सरस, सरस" म्हणाले आणि लिफ्टने परत गेले.

तिसरा रविवार एका नटाने खाल्ला. चाकाच्या मधोमध एक दांडगा नट असतो. तो सोडवायचा तर गाडी जमिनीवर हवी आणि आत बसून कोणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा. काकी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मांडीवर मटारचं ताट.

"पाय काढू नकोस!" बाहेरून काका ओरडले.

"मग मटार कोण सोलणार?"

"मटार हाताने सोलतात!"

पान्याच्या दांड्यावर नळाचा लांब पाइप चढवून, त्यावर उभे राहून काकांनी उड्या मारल्या. अडुसष्ट वर्षांचा माणूस. दोन बाल्कन्या भरल्या. सहाव्या उडीला नट कर्रकन सुटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान झुकवून त्या स्वीकारल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघून वाटलं, हा माणूस गाडी दुरुस्त करत नाहीये. काय करतोय, ते तेव्हा कळलं नाही.

चौथ्या रविवारी गाडी नीट लोखंडी स्टँडवर चढवून काकांनी एक्सलचं टोक मोकळं केलं. आता फक्त जुना सांधा दांड्यावरून उतरवायचा होता. व्हिडिओत तो माणूस हातोडीने ठोकत होता. काका ठोकेनात. "बळजबरी नियमात बसत नाही," म्हणाले, आणि गाडीखाली पालथे-उताणे होत दोन तास सांधा हाताने ओढत राहिले. मग ओढण्याचा आवाज थांबला.

"काका?"

"मी ठीक आहे."

"मग बाहेर या ना."

"नाही. इथेच ठीक आहे."

पाठ धरली होती. वॉचमनने आणि मी त्यांना खालच्या गोणपाटासकट ओढून बाहेर काढलं. लिफ्टने वर नेलं. काका काटकोनात वाकून चालत होते आणि त्याही अवस्थेत म्हणाले, "स्टँड पक्के आहेत का बघ."

त्यांना झोपवून काकी आणि मी स्टँड बघायला खाली आलो, नेमके तेव्हाच शाहभाईही आले. गाडी उभी होती पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. "काकी, बुधवारे टांकी साफ करवानी छे. गाडी तो हटानी पडेगी," ते म्हणाले. गाडीला एक चाक नव्हतं.

काकी मला जिन्यात घेऊन गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सीमा, काशीगावला जाशील? हायवेच्या अलीकडे एक गॅरेज आहे, बाहेर कडुलिंब आहे. तिथे दिलीप असेल. ह्यांचा धाकटा भाऊ."

 आठ वर्षं शेजारी राहतेय, काकांना भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं.

"अकरा वर्षं बोलत नाहीत," काकी म्हणाल्या. "ह्यांनी त्याला ऑफिसात चिकटवला होता. आठ महिन्यांत सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला. तो राग होताच. पुढे खूप वर्षांनी त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. नारळ दादाच फोडेल, म्हणाला. हे म्हणाले, गॅरेजचं कसलं उद्घाटन. गेले नाहीत. तो दोन वाजेपर्यंत नारळ हातात घेऊन उभा होता. मग त्याने काही फोडलाच नाही. तसंच शटर उघडून कामाला लागला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "संध्याकाळीच पस्तावले होते. पण सांगणार कोण?"

काशीगाव आमच्यापासून स्कूटरने पंधरा मिनिटं.

दिलीपकाका बाकावर बसून डबा खात होते. चेहरा काकांचाच, पण जास्त उन्हातला. मी म्हटलं, गाडी उघडून अडकलीये, पूनम सागरला.

"कुणी उघडली?"

"शिगवणकाकांनी."

त्यांचा घास हातातच राहिला. मग विचारलं, "गाडी नुसत्या जॅकवर आहे की स्टँडवर?"

"स्टँडवर."

"बरं. आणि तो?"

"पलंगावर. पाठ धरलीये."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. हात धुतले. पेटी उचलली. "चला," म्हणाले. ती मांडीवर घेऊन माझ्या मागे स्कूटरवर बसले.

गेटमधून शिरताना मी वर बघितलं. खिडकीत काका होते. दोन मिनिटांनी कठडा धरत, काटकोनात, ते खाली आले. दोघं भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे. मी उगाचच स्कूटर पुसायला लागले.

"प्रकरण जरा गुंतागुंतीचं झालंय," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

दिलीपकाकांनी नवा सांधा बघायला मागितला. काकांनी तो आधीच आणून, कागदात गुंडाळून ठेवला होता. दिलीपकाकांनी फिरवून बघितला. "बरोबर आणलायस," म्हणाले.

माझ्या डोळ्यांदेखत काका लाजले.

मग दिलीपकाका एक पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकले. तिथून फक्त आकडे यायला लागले. "सतरा." काका पेटीत शोधून पाना द्यायचे. "हा एकोणीस आहे." "थांब, चष्मा लावतो. हा घे सतरा." "चौदा." "चौदा." अकरा वर्षांनंतर दोन भावांचं बोलणं असं चाललं होतं. काकी वरून चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने दिलीपकाका बाहेर आले. हातोडी काकांपुढे धरली. "दादा, ये. तू मार."

"मी? नको. काही तुटलं म्हणजे?"

"तुटणार नाही. इथे, ह्या कडेवर. पाठ नको वापरूस, मनगट वापर."

काका स्टुलावर बसले. पहिला ठोका इतका हळू, की कबुतरसुद्धा उडालं नाही. दुसरा बरा. तिसऱ्याला सांधा टक् करून दांड्यावरून निघाला आणि दिलीपकाकांनी तो हवेतच झेलला. काका हातोडीकडे बघत राहिले.

तासाभरात गाडी चार चाकांवर उभी होती. दिलीपकाका स्टिअरिंगवर बसले, काका शेजारी. कंपाउंडमध्ये डावीकडे पूर्ण वळवून एक फेरी मारली. मी कान लावून होते. काही नाही. मग गाडी गेटमधून बाहेर पडली. दहा मिनिटांची चाचणी म्हणून गेले ते दीड तासाने आले. कुठे गेलात, असं काकींनी विचारलं, तर दिलीपकाका म्हणाले, "मुर्धा गावाच्या बाजूला. रस्ता मोकळा होता." दोघांचे डोळे लाल होते.  दिलीपकाका जेवून गेले. जाताना काका त्यांच्या पेटीची एका बाजूची कडी धरून ती गेटपर्यंत नेऊ लागले, वाकून वाकून.

संध्याकाळी मी बॅटरी परत द्यायला गेले, तेव्हा काका हॉलमध्ये फरशीवर चटई टाकून उताणे पडले होते. डॉक्टरांनी कडक जागेवर झोपायला सांगितलं होतं.

"सीमा," ते छताकडे बघत म्हणाले, "मी चार रविवार गाडीखाली झोपलो, तर ही अवस्था. तो तीस वर्षं झोपतोय."

मी बॅटरी टीपॉयवर ठेवली.

"उठताना बघितलंस त्याला? आधी कुशीवर वळला, मग कोपर टेकलं, मग बंपर धरला. मग कुठे उभा राहिला. मी त्याला इतक्या गोष्टी बोललो आयुष्यभर. तुझी पाठ कशी आहे, हे कधी विचारलं नाही."

बाहेर कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती. ती थांबेपर्यंत काका सवयीने कान देऊन ऐकत राहिले.

"चाकं लावलेली एक फळी मिळते. तिच्यावर झोपायचं आणि आत सरकायचं. त्या व्हिडिओवाल्याकडे आहे. ह्याच्याकडे नाही. पुठ्ठा टाकतो." काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कपाटाचं चांगलं प्लायवूड उरलंय माझ्याकडे. लांबी किती घ्यावी?" मग स्वयंपाकघराकडे आवाज दिला, "अगं, दिलीप किती उंच आहे?"

"मला काय विचारता?" आतून काकी म्हणाल्या. "भाऊ तुमचा आहे."

काका जरा वेळ आठवत राहिले. "शाळेत होता तेव्हा माझ्या कानापर्यंत यायचा," म्हणाले. "आज शेजारी उभा होता तर... माझ्याएवढाच वाटला मला. शिवणाच्या डब्यात टेप आहे, आण जरा. मी आडवाच आहे. मोज."

मी टेपचं एक टोक त्यांच्या टाचेशी धरलं. पाठ दुखत असूनही काकांनी अंग ताणून सरळ केलं, हात बाजूला घेतले, हनुवटी वर केली. मी टेप डोक्यापर्यंत नेली.

"चार बोटं जास्त धर," डोळे मिटून ते म्हणाले. "डोकं नीट टेकलं पाहिजे त्याचं."