काटेकाकांचे सोपे फ्रूट बार

साडूच्या घरी चहाला गेल्यावर माणसाने समोर येईल ते खावं, 'छान झालंय' म्हणावं आणि मुकाट्याने घरी यावं. काटेकाकांनी यातलं पहिलं केलं, तेही चार वेळा. दुसरं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. कारण बशीतले ते फ्रूट बार साडूंनी स्वतः केलेले होते. खाली बिस्किटासारखा थर, मध्ये फळांचा लालसर गर आणि वर ओट्सचा खुसखुशीत चुरा. निदान साडूंच्या बायकोने तरी "यांनी केलेत हं!" असं जाहीर केलं होतं.

साडू कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत. "त्यात काय मोठंसं," असं ते म्हणाले, पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला ते फारच मोठं वाटावं.

"नाहीतर आमच्याकडे!" काटेकाकांची बायको म्हणाली. "चहा गाळायला सांगितला तर गाळणी कुठल्या खोलीत असते इथपासून सुरुवात."

सगळे हसले. इथे काटेकाकांनी फक्त गप्प बसायचं होतं. (गप्प बसल्याने कोणाचं वाईट झालंय असं अजून तरी ऐकिवात नाही.) पण ते म्हणाले, "पुढच्या रविवारी चार वाजता आमच्याकडे या. हेच बार खायला. मी एकट्याने केलेले. हिने भांड्याला हातसुद्धा लावायचा नाही."

"नक्की?" प्रोफेसरांनी चष्म्यावरून विचारलं.

"नक्की. कृती तेवढी पाठवा."

मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, किंचित गडबडली. सगळे तिला ताई म्हणत. "पाठवते की," ती म्हणाली. कृती यायला तीन दिवस लागले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सोपे फ्रूट बार'. त्या 'सोपे'ने काटेकाकांना फार बरं वाटलं.

आता, काटेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासल्यावर लोक याहून वेगळं काय म्हणणार? मापात चूक म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. आणि स्वयंपाक म्हणजे तरी काय? मापंच! बायका ते उगीच अंदाजाने करतात म्हणून त्याला कला म्हणतात, असं त्यांचं ठाम मत होतं. (हे मत त्यांनी लग्नानंतर घरात एकदाच बोलून दाखवलं होतं.)

रविवार उजाडला. बायको इस्पितळात नर्स होती. साऱ्या इमारतीत तिला सिस्टर म्हणत, त्यामुळे काटेकाकांची हाक मारताना पंचाईत होई आणि ते नुसतं 'अगं' म्हणून वेळ मारून नेत. तिची सकाळची ड्यूटी होती.

"मी साडेतीनपर्यंत येते," चपला घालता घालता ती म्हणाली. "सगळं फळीवर आहे. अडलंच तर थांबा. मी आल्यावर बघू."

"अडणार नाही आणि थांबणार नाही," काटेकाका म्हणाले.

कॉलेजला जाणारी लेकही मैत्रिणीकडे गेली. दार लागलं. काटेकाकांनी ॲप्रन बांधला, कृती भिंतीला चिकटवली आणि पहिल्याच ओळीला अडले.

'एक कप मैदा.'

कुठला कप? घरात अकरा कप निघाले. काटेकाकांनी ते ओळीने मांडले, एकेकात पाणी भरून मोजलं. सगळ्यात धाकट्यात एकशे चाळीस मिलिलिटर, सगळ्यात थोरल्यात तीनशे दहा! एखाद्या दुकानात अशी मापं सापडली असती तर त्यांनी जागच्या जागी पंचनामा केला असता. शेवटी नाइलाजाने त्यांनी वॉर्डात फोन लावला. तो उचलला तिथल्या मावशींनी.

"सिस्टर ड्रेसिंग करतायत. काय निरोप देऊ?"

"विचारा, कप कुठला घ्यायचा? आणि तळ दाबून बसवायचा की नुसता पसरायचा?"

"तळ? पायाचा तळ?"

"पायाचा नाही हो. खालचा!"

"अगं बाई. सूज आहे का?"

"अजून नाही. ओव्हनमध्ये गेल्यावर येईल."

पलीकडे फोन टेबलावर आदळला. मग मावशींचा ओरडून बोलण्याचा आवाज आला, "सिस्टर, तुमच्या मिस्टरांना भाजलंय!" फोनकडे धावणारी पावलं ऐकू आली, आणि पाठोपाठ बायकोचा आवाज. "काय झालं? कुठे भाजलं?"

"अजून काहीच भाजलं नाही. कप कुठला?"

"कप?"

"अगं, कप कुठला?"

"पांढरा! कुठलाही एकच धरा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. आणि तळ दाबून बसवायचा." फोन आपटला. पण आपटण्याआधी मागे दोनतीन बायकांचं हसणं काटेकाकांनी स्पष्ट ऐकलं. हसा, ते मनाशी म्हणाले. चार वाजू द्या.

फळांचं काम मात्र फक्कड झालं. सफरचंदाच्या बारीक फोडी, स्ट्रॉबेऱ्या, साखर, लिंबाचा रस. गर असा चकाकत शिजला की चमचा चाटून काटेकाकांनी स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी ओट्सचं पाकीट उघडलं. आत जेमतेम मूठभर ओट्स! कृतीत तर दोन कप लिहिलेले.

दुसरा कोणी असता तर खाली दुकानात गेला असता. पण काटेकाकांना वरच्या फळीवर, खिडकीजवळ एक काचेची बरणी दिसली. तिच्यावर लेकीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'ओट्स'. लेक अगदी बापावर गेली आहे, प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावते, असं कौतुक करत त्यांनी बरणी उतरवली. ओट्स जरा बारीक दळलेले होते आणि त्यांना संत्र्याचा सुरेख वास होता. महागातले असणार. काटेकाकांनी पांढऱ्या कपाने बरोबर दोन कप घेतले.

कृतीत म्हटलं होतं, 'लोणी बोटांनी चोळा. मिश्रण वाळूसारखं भुरभुरीत होईल.' काटेकाकांनी चोळलं. ते भुरभुरीत झालं नाही. गुळगुळीत झालं. आणखी चोळलं तर त्याचा एक गोळा झाला, राखाडी रंगाचा, जरा निसरडा, आणि तो हाताला असा चिकटला की तपासणीच्या वेळी दुकानदारही एवढे चिकटत नाहीत. त्यांनी तो किसणीवर किसला. (ही युक्ती कृतीत नव्हती. कृती लिहिणाऱ्याला ती सुचली नसेल.) दोन भाग तळाला दाबून बसवले, वर गर पसरला, त्यावर उरलेला कीस भुरभुरला आणि ट्रे ओव्हनमध्ये सारून ते समोर स्टूल टाकून बसले.

हळूहळू वास सुटला. चांगलाच होता, पण ओळखीचा होता. कुठल्या तरी लग्नाला निघण्याआधी घरात असा वास येतो, एवढं त्यांना आठवलं. त्यापुढे त्यांनी विचार केला नाही.

चार वाजता मंडळी जमली. बायको नुकतीच येऊन पाय पसरून बसली होती. काटेकाकांनी ट्रे टेबलावर आणला आणि सुरी लावली.

सुरी आत जाईना.

"थोडे गार होऊ द्यायला हवे होते," ताई म्हणाली.

"गारच आहेत," काटेकाका म्हणाले आणि पावाची सुरी घेऊन आले. तिचे दोन दाते गेले. मग स्वयंपाकघरातून बत्ता आला. पाहुण्यांनी हळूच खुर्च्या मागे घेतल्या. चौथ्या घावाला ट्रेमधून तीन तुकडे निघाले आणि बशीत पडताना खणखणले.

प्रोफेसरांनी एक तुकडा उचलला, बोटाने वाजवला आणि भिंतीकडे बघितलं. "घराचं काम काढलंय का?"

"खुसखुशीत आहेत," काटेकाका म्हणाले.

"मी चहात बुडवून खातो." प्रोफेसरांनी बुडवला. तुकडा जसाच्या तसा राहिला. चहा मात्र गढूळ झाला.

"अहो, राहू द्या," बायको हळू आवाजात म्हणाली. "होतं असं पहिल्यांदा."

त्या समजूतदार आवाजाने काटेकाका पेटले. चिडवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी सगळ्यात मोठा तुकडा उचलला, दाढेखाली धरला आणि चावायला सुरुवात केली. खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता. कानशिलं हलत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, पण नजर प्रोफेसरांवरून हलली नाही. पाच मिनिटांनी त्यांनी घास गिळला.

"उत्तम," ते म्हणाले. "चवीला उत्तम." आणि दुसरा तुकडा घेतला.

तेवढ्यात लेक आली. चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, माझा फेसपॅक कुठे गेला?"

काटेकाकांची दाढ थांबली.

"कुठला फेसपॅक?" बायकोने विचारलं.

"बरणीत होता. मी सगळं दळून ठेवलं होतं. नुसतं दुधात कालवून चेहऱ्याला लावायचं."

"त्याच्यावर ओट्स लिहिलं होतं!" काटेकाका कसेबसे म्हणाले.

"बाबा, पुढे वाचलं नाही का? 'ओट्स, संत्र्याची साल, पॅकची माती.' चिठ्ठी बरणीभोवती गुंडाळली होती."

मग ताईने पदर तोंडात कोंबला, प्रोफेसर खुर्चीतल्या खुर्चीत वाकले, आणि बायको हसता हसता उठली ती नर्स होऊनच. "किती तुकडे खाल्लेत? दीड? माती साधीच ना गं? मग काही होत नाही. ग्लासभर पाणी प्या. आणि हातातला खाली ठेवा आधी."

"म्हणजे भाजलेली माती!" प्रोफेसर डोळे पुसत म्हणाले. "कौलंच केलीत की हो तुम्ही! जाऊ द्या, चहा झाला, मजा झाली. पुन्हा कधीतरी..."

"कोणी जागचं हलायचं नाही," काटेकाका म्हणाले.

ते उभे राहिले होते. ओठाच्या कोपऱ्याला माती होती, पण आवाज सरकारी होता. "कृती बरोबर होती. मापं बरोबर होती. माल भेसळीचा निघाला. त्याबद्दल कारागिराला दोष देता येत नाही. बार होणार, आज होणार, आणि तुम्ही ते खाऊनच जाणार."

"अहो, मी करते पटकन," बायको म्हणाली.

"तू त्या खुर्चीतून उठायचं नाहीस."

ते ॲप्रनसकट खाली दुकानात गेले. त्यांना दारात बघून दुकानदाराचा चेहरा उतरला. "साहेब, रविवारी पण तपासणी?"

"ओट्स द्या."

"साहेब, काटा परवाच दुरुस्त..."

"ओट्स! आणि पाकिटात ओट्सच आहेत ना?"

तो प्रश्न इतक्या पोटतिडकीने विचारला होता, की दुकानदाराने पाकीट फोडून चार दाणे आधी स्वतः खाऊन दाखवले.

या वेळी काटेकाकांनी सावकाश केलं. गार लोणी, पांढरा कप, बोटांची टोकं. आणि खरोखरच ते मिश्रण हातातून वाळूसारखं गळू लागलं. त्यांनी ते पुन्हा उचललं, पुन्हा गळू दिलं. मागे वळून बघितलं, तर बायको खुर्चीत मान टाकून झोपली होती. आठ तास उभी होती ती. घरात कोणीतरी रांधतंय आणि आपण बसलोय, असं तिच्या वाट्याला कधी आलं असेल, याचा काटेकाका हिशेब करायला गेले. तो आकडा काही त्यांना सापडला नाही. त्यांनी भांड्यांचा आवाज कमी केला.

ट्रे बाहेर आला तेव्हा सहा वाजून गेले होते. वरचा चुरा सोनेरी झाला होता आणि कडेने गर उकळून वर आला होता. प्रोफेसरांनी हात पुढे केला, तर काटेकाकांनी तो बाजूला सारला. "गार होऊ द्या." सात वाजता सुरी आत गेली, अगदी अलगद.

प्रोफेसरांनी पहिला बार खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला हात घालताना ताईने त्यांना कोपर मारलं. "सांगून टाका आता."

"काय सांगायचं?" काटेकाकांनी विचारलं.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडचे बार... म्हणजे ते... बेकरीतले होते. हिने कौतुकाने माझं नाव घेतलं, आणि मग मला मागे फिरता येईना."

काटेकाका हळूहळू ताठ झाले. छाती इतकी फुगली की ॲप्रनची गाठ फट्‌कन सुटली. आवाजाने बायको जागी झाली. त्यांनी तिच्या हातात बार दिला आणि ती चावेपर्यंत वाट बघितली.

"छान झालाय," ती म्हणाली. मग पुन्हा एक घास घेतला. "खरंच छान झालाय हो."

"अख्ख्या नात्यागोत्यात," काटेकाका प्रोफेसरांकडे बघत म्हणाले, "ओव्हन चालवणारा पुरुष मी एकटाच!"

"बरं झालं बाई," बायको म्हणाली. "मला दिवसभर धाकधूक होती. मी फोन ठेवल्यावर सगळा वॉर्ड जमला होता. मिस्टर काय करतात, मिस्टर काय करतात! उद्या सकाळी मेट्रनबाईंचा निरोप समारंभ आहे. मी म्हटलं, खायचं आमच्याकडून. साठ बार."

"साठ?"

"साठच. दहा वाजता न्यायचेत. यात कोणी हात लावलेला तुम्हाला चालत नाही, म्हणून मी कोणाला मदतीला बोलावलं नाही."

काटेकाकांनी ट्रेकडे पाहिलं. त्यात पाच बार उरले होते. पिठाचा डबा रिकामा होता, लोणी संपलं होतं, बोटं दुखत होती आणि दाढ ठणकत होती. प्रोफेसरांनी खिशातून पेन काढलं, कागदाच्या रुमालावर काहीतरी लिहिलं आणि तो रुमाल टेबलावरून हळूच पुढे सरकवला. त्यावर बेकरीचा पत्ता होता.

काटेकाकांनी तो रुमाल उचलला, बाणेदारपणे त्याचा बोळा केला आणि प्रोफेसरांच्या डोळ्यांत रोखून बघितलं. मग बायको ट्रे घेऊन आत जाईपर्यंत ते थांबले, बोळा पुन्हा उलगडला आणि दबक्या आवाजात विचारलं, "सकाळी उघडते किती वाजता?"