तीन फोनांची तोंडी परीक्षा

"माणसाने स्वतःच्या डोक्यावर विसंबून राहायचे दिवस आता संपले!" सोमवारी सकाळी चहाचा कप उंचावून हेडसरांनी जाहीर केलं. "यापुढे मी एकही गोष्ट विसरणार नाही! त्याला तीन कारणं आहेत. एक, यंत्र दमत नाही. दोन, यंत्राला डुलकी लागत नाही. आणि तीन..."

तिसरं कारण काही केल्या आठवेना.

"निघते मी," मेट्रनबाई चपला घालत म्हणाल्या. "आठवलं की लिहून ठेवा."

हेडसर म्हणजे एकतीस वर्षं एकाच शाळेचे मुख्याध्यापक. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण बायको, लेक, दूधवाला, सगळे त्यांना हेडसरच म्हणत. शाळेत त्यांना विसरायची सोयच नव्हती. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. बाकीचं सगळं शिपाई येऊन कानात सांगायचा. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल दिली आणि घंटा ठेवून घेतली. तेव्हापासून हेडसरांचं सगळं वेळापत्रक कोलमडलं होतं.

आणि आता तर प्रकरण नाजूक होतं. मेट्रनबाई, म्हणजे त्यांची बायको, इस्पितळातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या येत्या गुरुवारी इस्पितळातून निवृत्त होणार होत्या. संध्याकाळी पाचला निरोपाचा समारंभ. अकरा वर्षांपूर्वी त्यांना उत्कृष्ट सेवेचं पदक मिळालं, तेव्हा पहिल्या रांगेतली नवऱ्याची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली होती. हेडसर त्या वेळी शाळेत बाकं मोजत होते. बाई भांडल्या नाहीत. नुसत्या चार दिवस गप्प राहिल्या. ते चार दिवस मात्र हेडसर अजून विसरले नव्हते.

या वेळी बाईंनी एकच वाक्य सांगून ठेवलं होतं. "गुरुवारची आठवण मी करणार नाही. एकदाही नाही. बघू या, तुमचं तुम्हाला आठवतं का."

लेकीने यावर तोडगा काढला. हल्ली फोनशी बोलता येतं, सांगितलेली गोष्ट तो वेळेवर बोलून आठवण करून देतो, हे तिने समजावलं. हेडसरांचा एक फोन होता. आपले दोन जुने फोन तिने आणून दिले. तीन कंपन्या, तीन आवाज. "बाबा, कुठलाही एक निवडा आणि त्याला गुरुवारचं सांगून टाका. एका वाक्याचं काम आहे!"

"असा कुठलाही निवडू?" हेडसरांचा आवाज चढला. "मी शिपाईसुद्धा परीक्षा घेतल्याशिवाय नेमला नाही!"

झालं! त्यांनी टेबलावर तिन्ही फोन हातभर अंतराने मांडले. त्यांना हजेरी क्रमांक दिले. एक नंबर गोड गळ्याची बाई. दोन नंबर पुरुष, बोलणं तुटक, उसने दिलेले पैसे परत मागायला आल्यासारखं. तीन नंबर अतिउत्साही. विचारलेल्याच्या दुप्पट सांगणारा. हेडसरांनी वीस प्रश्नांची पत्रिका काढली. सगळे प्रश्न मनाने रचलेले, तारीख-वेळ तोंडाला येईल ती. "शुक्रवारी दहाला छत्री दुरुस्तीला टाकायची आठवण कर." "गुरुवारी तीनला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे." "शनिवारी काकांना फोन कर." काका जाऊन सात वर्षं झाली होती. पण प्रश्न तो प्रश्न.

"यात आईचा समारंभ कुठे आहे?" लेकीने विचारलं.

"खरा प्रश्न सराव परीक्षेत घालायचा? पेपर फुटेल की! जो पहिला येईल त्यालाच तो सांगायचा. तोवर सीलबंद."

"बाबा, फोन आहेत ते!"

"म्हणून काय शिस्त नको?"

विसावा प्रश्न खास होता. अक्कल तपासायचा. हेडसर घसा खाकरून म्हणाले, "गुरुवारी साडेपाचला गच्चीवर वाळत घातलेला हत्ती आत घ्यायची आठवण कर."

"नक्की!" एक नंबर लाडाने म्हणाली.

"नोंद केली," दोन नंबर.

"छान कल्पना!" तीन नंबर. "हत्तीविषयी आणखी माहिती हवी आहे का?"

हेडसर ताडकन उभे राहिले. "कुठला हत्ती, गच्चीवर चढला कसा, वाळत कुणी घातला? एकाने म्हणून विचारलं नाही! असल्या मुलांना मी तिसरीतून चौथीत जाऊ दिलं नसतं!"

पेपर तपासले, म्हणजे कुणी किती आज्ञा बरोबर नोंदल्या ते मोजलं. तिघांना वीसपैकी चौदा! तिघांचे गुण सारखे म्हणजे काय, हे शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. "कॉपी!" हेडसर गरजले. त्यांनी एक नंबरला स्वयंपाकघरात ठेवलं, दोन नंबरला कपाटात, तीन नंबरला न्हाणीघरात, आणि प्रत्येकाची फेरपरीक्षा घेतली. पुन्हा चौदा! लेक आईला फोन करून हसत होती. हेडसर मात्र चिडून लाल झाले. निकाल राखून ठेवण्यात आला. प्रश्नपत्रिका नियमाप्रमाणे फाडून टाकण्यात आली. आणि पहिला कोण हेच न ठरल्यामुळे गुरुवारचा समारंभ कुठल्याच फोनला सांगितला गेला नाही. पण आपण एवढी मेहनत घेतली म्हणजे काम झालंच, अशी हेडसरांची पक्की समजूत होऊन बसली.

गुरुवारी सकाळी मेट्रनबाई शेवटचा कडक इस्त्रीचा गणवेश घालून निघाल्या. दाराशी थांबल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं. मग हेडसरांकडे.

"येते," एवढंच म्हणाल्या.

दुपारी अडीच वाजता स्वयंपाकघर, कपाट आणि न्हाणीघर एकदम बोलू लागलं. "तीन वाजता दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे!" हेडसर दचकून उठले. दाताची वेळ आपण कधी घेतली? आठवेना. पण मागची उजवी दाढ चार दिवस कुरकुरत होती खरी. आणि तीन परीक्षकांचं एकमत झाल्यावर शंका काढायची नसते, हा तर त्यांचाच नियम! तिन्ही फोन खिशात घातले, समारंभाचा कोट आत्ताच अंगावर चढवला. "पाचला अवकाश आहे. वेळ झाली की हे तिघं ओरडतीलच," असं म्हणून ते निघाले.

दवाखान्यातल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

"आज तुमची वेळ नाही हो," डॉक्टर म्हणाले.

"नाही कशी? तीन साक्षीदार आहेत माझ्याकडे!" हेडसरांनी तिन्ही फोन टेबलावर आपटले. "विचारा यांना! एकाला विचारा, दुसऱ्याला विचारा! मी खोटं बोलेन, हे बोलतील का?"

वाद तासभर चालला. मध्ये दोन पेशंट आत जाऊन, दात काढून, बाहेरसुद्धा आले. शेवटी डॉक्टर कंटाळले. "बसा. तोंड उघडा. उघडंच आहे म्हणा." दाढ किडलेली निघाली. सुई टोचली गेली. उजवा गाल, मग ओठ, मग जीभ, एकेक करून सगळे रजेवर गेले. दाढ निघाली. तिच्या जागी कापसाचा एवढा मोठा बोळा बसला.

तेवढ्यात दवाखान्यातली पन्नाशीची नर्स घड्याळाकडे बघत म्हणाली, "डॉक्टर, पावणेपाच झाले. मी निघू ना? पाचला आमच्या मेट्रनबाईंचा समारंभ आहे. त्यांच्याच हाताखाली शिकले मी."

हेडसरांच्या अंगातून वीज गेली.

"अं! अं अं अं!"

"दुखतंय?" डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं आणि आणखी एक सुई टोचली.

आता डावी बाजूही गेली! हेडसर खुर्चीतून उडी मारून उठले. एक नंबरचा फोन तोंडाजवळ धरून त्यांनी टॅक्सी मागवली.

"माफ करा, मला समजलं नाही," एक नंबर लाडाने म्हणाली.

दोन नंबरला सांगितलं. "पुन्हा बोला." पुन्हा बोलले. "पुन्हा बोला."

तीन नंबर म्हणाला, "तुम्ही खूप छान बोलता! आणखी काही मदत करू का?"

हत्तीची आज्ञा एका झटक्यात कळते, आणि माणूस जीव तोडून ओरडतोय ते कळत नाही! हेडसरांना एवढी चीड आली, की डोळ्यांत पाणी आलं. नर्सने ते पाणी बघितलं, कोट बघितला, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. "अगंबाई! तुम्ही बाईंचे मिस्टर ना? चला, बसा मागे!"

दाताच्या दवाखान्याचं हिरवं कापड गळ्यात तसंच. त्या कापडासह, नर्सच्या स्कूटरवर मागे बसून, तोंडातला बोळा सांभाळत हेडसर इस्पितळाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पोचले तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत लेकीशेजारची एक खुर्ची रिकामी होती. व्यासपीठावर मेट्रनबाई त्या खुर्चीकडे न बघायचा प्रयत्न करत बसल्या होत्या.

हेडसर धपकन बसले. बाईंनी बघितलं. सुजलेला गाल, गळ्यातलं हिरवं कापड, वाकडं तोंड. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

भाषणं झाली. इस्पितळाचे मोठे डॉक्टर, पदानेही मोठे आणि देहानेही, आपलं बोलणं संपवून फोन आला म्हणून शेजारच्या गच्चीवर गेले. सूत्रसंचालक म्हणाला, "आता बाईंचे यजमान दोन शब्द बोलतील."

हेडसर माइकपाशी गेले. भाषण पाठ होतं. कधी नव्हे ते अक्षर न् अक्षर आठवत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि कोटाच्या खिशातून तीन आवाजांत घोषणा झाली,

"साडेपाच वाजले. गच्चीवरचा हत्ती आत घ्या!"

त्याच क्षणी गच्चीचं दार उघडून मोठे डॉक्टर आत आले.

मग शेवटच्या रांगेतून कुणीतरी फुस्स केलं, आणि सगळं सभागृह फुटलं! मोठे डॉक्टर दारातच थिजले. पुढे यावं की मागे जावं कळेना. हेडसर दोन्ही हातांनी खिशाच्या थोबाडीत मारत होते. "आठवण पुन्हा करू का?" तीन नंबरने विचारलं.

"उं! ऊं उं!" हेडसर माइकमध्ये संतापाने म्हणाले.

तेव्हा मेट्रनबाई उठल्या. त्यांनी शांतपणे हेडसरांच्या खिशातून तिन्ही फोन काढून बंद केले. माइक स्वतःकडे वळवला.

"चौतीस वर्षं मी बोलता न येणाऱ्या पेशंटचं बोलणं डॉक्टरांना सांगत आले," त्या म्हणाल्या. "आज शेवटचं. बोला हो तुम्ही."

"उं उं... ऊं," हेडसर म्हणाले. म्हणजे, 'मान्यवर व्यासपीठ.'

"ते म्हणताहेत, अकरा वर्षांपूर्वी मी आलो नाही, ते माझं चुकलं."

हेडसर दचकले. पण मान मात्र आपोआप हलली. आता कुणीच हसत नव्हतं.

"ऊं ऊं," हेडसर हळूच म्हणाले.

"ते म्हणताहेत, चौतीस वर्षं हिने सकाळी उठून माझा चहा केला आणि मग ड्यूटीला पळाली. उद्यापासून चहा मी करणार. रोज."

टाळ्यांचा कडकडाट झाला! हेडसरांचे डोळे विस्फारले. "उं उं उं उं!" हे भाषणात कुठेच नव्हतं! ते जिवाच्या आकांताने दोन्ही हात हलवू लागले.

"आणि भांडीसुद्धा," मेट्रनबाई म्हणाल्या.

रात्री जेवायच्या वेळेपर्यंत हेडसरांची जीभ कामावर रुजू झाली, आणि झाली ती तापूनच. "अन्याय आहे हा! मी एक अक्षर बोललो नाही आणि माझ्या नावावर भांडी? आणि हे तिघं! निकाल लावतो यांचा!" त्यांनी कागद ओढला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : एक नंबर, लाडावलेली. दोन नंबर, उर्मट. तीन नंबर, वाचाळ. तिघंही नापास. पुन्हा परीक्षेस बसण्यास अपात्र.

"एक विचारू?" मेट्रनबाई गणवेशाची घडी घालत म्हणाल्या. "आजच्या समारंभाची आठवण यातल्या कुणाला सांगितली होती तुम्ही?"

हेडसरांचं पेन थांबलं.

"तो... तो प्रश्न सीलबंद होता."

बाईंनी घडी मोडली, पुन्हा घातली. खांदे हलत होते, पण चेहरा त्यांनी वळवला होता. मग म्हणाल्या, "पण आलात. गळ्यात फडकं घालून का होईना, आलात."

आणि दिवा मालवून त्या पडल्या. हेडसर अंधारात बराच वेळ धुसफुसत राहिले. तीन कंपन्या, एक डॉक्टर, एक सूत्रसंचालक, सगळ्यांना त्यांनी मनातल्या मनात बाकावर उभं केलं. भांड्यांच्या बाबतीत तर आपण वरच्या कोर्टात जाऊ, असंही ठरवलं.

मग कुशीवर वळून ते अगदी हळू आवाजात म्हणाले,

"अगं... ऐकतेस ना? उद्या सकाळी सहाला जरा मला उठवशील का? तुझा चहा करायचाय."