काचेतलं वांगं

बायकोची समजूत कशी काढावी, हे तात्यारावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान तात्यारावांचं तसं मत होतं. ललिताबाईंचं मत समजायला मार्ग नव्हता, कारण त्या त्यांच्याशी बोलतच नव्हत्या.

झालं होतं असं. ललिताबाईंनी रंगीत काचा कापून, कथलाचा डाग देऊन जोडून, एक चित्र तयार केलं आणि तात्यारावांच्या वाढदिवशी धायरीच्या फ्लॅटच्या खिडकीत टांगलं. खाली गोल गरगरीत जांभळं, वर हिरवं, त्याच्यावर देठासारखं काहीतरी.

"ओळखा बरं," त्या म्हणाल्या.

"वांगं," तात्याराव म्हणाले. "बरं आलंय."

तेव्हापासून घरात रोज वांगं शिजू लागलं. भरीत, काप, वांगीभात. एकदा थालीपिठातही निघालं. चूक 'बरं' या शब्दात आहे, असा निष्कर्ष तात्यारावांनी काढला. एवढ्या कलाकृतीला 'बरं' म्हणजे अपमानच की! आता जाणकाराकडून तिची किंमत करून आणायची, की बाई खूश आणि वांगं बंद.

दुसऱ्याच दिवशी ते चित्र चादरीत गुंडाळून निघाले. अंगात जांभळा स्वेटर, डोक्यावर गोंड्याची हिरवी कानटोपी. थंडीत हा वेश ते फक्त आंघोळीपुरता उतरवत.

बुधवार पेठेत शरच्चंद्र दातारांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. दारावर पाटी होती : 'येथे किंमत सांगितली जाते. कौतुक घरी करून घ्यावे.'

"याची किंमत करून हवी होती," तात्याराव म्हणाले.

दातारांनी चित्र उजेडात धरलं. मग तात्यारावांकडे पाहिलं. परत चित्राकडे.

"याला मोल नाही."

तात्यारावांना गहिवरून आलं. "आपली फी?"

"याचे पैसे घेतले तर लोक हसतील."

केवढा हा आदर! बसमध्ये बसल्या बसल्या तात्यारावांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'आमच्या खिडकीतील वांगे अनमोल. तज्ज्ञांचा निर्वाळा.' अध्यक्ष हिंमतरावांनी आधी 'काय भाव?' असं विचारलं, पण खुलासा होताच कामाला लागले. खिडकीखालचं मुलांचं क्रिकेट बंद झालं. वॉचमनला गेट सोडून वर बघत उभं केलं, तेव्हा त्याची मान धरली. रविवारी ललिताबाईंचा सत्कार ठरला, प्रमुख पाहुणे दातार.

त्या दिवशी ताटात बटाटा आला. तात्यारावांनी तो डोळे मिटून खाल्ला. रविवार नीट पार पडला, की संसार सावरला.

रविवारी सोसायटीचा हॉल भरला. चित्र खिडकीतून काढून व्यासपीठावर ठेवलं होतं. हिंमतराव म्हणाले, "दातारसाहेब, या अनमोल वांग्याविषयी दोन शब्द बोला."

"अनमोल मी म्हणालो नाही," दातार म्हणाले. "मोल नाही म्हणालो. 'अन' यांनी घरून लावला."

तात्यारावांच्या डोळ्यांपुढे वर्षभराची वांगी उभी राहिली.

"कामात काही खोट आहे का?" ललिताबाईंनी शांतपणे विचारलं.

"कामात? काम सुरेख आहे. काच स्वच्छ कापलीय, डाग सरळ आहे. कामाबद्दल मला कुणी विचारलंच नाही. हे गृहस्थ स्वतःचं चित्र घेऊन आले आणि म्हणाले, याची किंमत करा. मला वाटलं, माणसाची विचारतायत."

"कुठल्या माणसाची?" हिंमतराव गोंधळले.

दातारांनी नुसतं बोट दाखवलं. सगळ्यांनी आधी चित्र पाहिलं. मग जांभळा स्वेटर, त्यातलं पोट, हिरवी टोपी आणि वरचा गोंडा पाहिला. वॉचमननेसुद्धा अवघडलेल्या मानेने होकार दिला.

"पुण्यात एकाला तरी डोळे आहेत म्हणायचे," ललिताबाई म्हणाल्या. "दातार, आता जेवूनच जा."

तात्यारावांनी हळूच टोपी काढली. आपलं चित्र ते पहिल्यांदाच नीट पाहत होते. गोंडासुद्धा विसरली नव्हती ती. त्यांना खरोखरच भरून आलं.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"ओळखा म्हटलं होतं ना."

आता काहीतरी चांगलं बोलायलाच हवं होतं. 'बरं' तर मुळीच म्हणायचं नव्हतं. तात्यारावांनी शब्द जपून निवडले.

"छान आहे गं. पोट तेवढं जरा जास्त आलंय."

दुपारी दातारांच्या पानात जिलबी पडली. तात्यारावांच्या पानात वांगं होतं. अख्खं आणि कच्चं.