मोघेकाकूंचं तळघर

कॉम्प्युटर हळू करून द्या म्हणून माझ्या दुकानात आजवर एकच गिऱ्हाईक आलं. मोघेकाकू.

बाकी सगळ्या दुनियेला फास्ट पाहिजे असतं. इंदूरला मल्हारगंजात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. येणारा प्रत्येक जण काउंटरवर हात आपटून तेच रडगाणं गातो, "भिया, भोत धीमा चल रिया है, कुछ करो." मी मेमरी टाकतो, पंख्यातली धूळ काढतो, माणूस खूश होऊन जातो. तर त्या वर्षी दिवाळी नुकतीच आटोपली होती. मोघेकाकू फराळाचा डबा घेऊन आल्या, डबा काउंटरवर ठेवला, चष्मा पदराने पुसला आणि म्हणाल्या, "शेखर, नितीनने आणलेलं नवं मशीन फार पळतं रे. मला ते हळू करून दे."

मला वाटलं, मस्करी करताहेत. पण मोघेकाकू मस्करी करणाऱ्यातल्या नव्हत्या. उंची बेताची, आवाज मात्र बालवर्ग शिकवून शिकवून कमावलेला. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली ग म भ न शिकली, त्यात मीही आलो. त्यामुळे अजूनही त्यांनी "शेखर" म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते.

"काकू, लोक तरसतात असल्या मशीनला," मी म्हणालो.

"तरसू देत. मला जुन्यासारखं पाहिजे. जुनं त्याने मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकलं, नाही तर तुझ्याकडे आलेच नसते."

"पण का?"

"फालतू चौकशा नकोत. जमतं का नाही, तेवढं बोल."

आता हे समजायला थोडं मागे जायला हवं.

मोघेकाका मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. शेडचे, पाइपांचे, जिन्यांचे नकाशे काढायचे. मिल बंद झाली. त्या काळात इंदूरच्या मिली एकामागून एक बंदच होत होत्या, त्यात नवल काही नव्हतं. पेपरात रोज उदारीकरण छापून यायचं, घरोघरी केबल आली होती, तुकोगंजात काचांची ऑफिसं उघडत होती. आणि इकडे ज्यांना आम्ही कधी दुपारचं पाहिलंच नव्हतं, अशी माणसं भर दुपारी ओट्यांवर बसलेली दिसायला लागली. मोघेकाका तर ओट्यावरही आले नाहीत. ते घरात बसले आणि बोलायचे थांबले. भांडण नाही, आजार नाही. चहा दिला की प्यायचे, पिशवी हातात दिली की भाजी आणायचे. तोंडातून शब्द नाही. काकू माझ्या आईजवळ एकदा म्हणाल्या होत्या, "भिंतीशी संसार करतेय मी."

नितीन, त्यांचा मुलगा, नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर घरातच राहिला. काकूंनी त्याच्यावर भरतकामाचं आवरण घालून ठेवलं होतं. एके दिवशी काका त्या आवरणाकडे बघत बघत म्हणाले, "मशीन बंद ठेवू नये. बंद ठेवलं की जातं."

बस. एवढंच. पण कित्येक महिन्यांनी माणूस आपणहून बोलला होता. काकू पायात चपला न घालता माझ्या दुकानात धावत आल्या. "हे बोलले! चल, मशीन चालू करायला शिकव!"

चालू केलं. पण त्यावर चालवायचं काय? टायपिंग काकूंना नको होतं. नितीनचा एक खेळ त्यात पडून होता, तो लावून दिला. एक चिलखतवाला गडी असतो, त्याला भल्यामोठ्या तळघरात उतरवायचं, राक्षस मारायचे, किल्ल्या शोधायच्या, जिन्याने आणखी खाली जायचं, तिथे आणखी मोठे राक्षस. कॉलेजची पोरं त्यापायी परीक्षा बुडवायची. मला वाटलं, काकू चार दिवसांत कंटाळतील.

कंटाळतात कसल्या! त्या गड्याचं नाव त्यांनी पहेलवान ठेवलं. त्याच्या पिशवीत पाव असायचा, तो जखम झाल्यावर खायचा असतो. काकू प्रत्येक जिना उतरण्याआधी त्याला पाव खायला लावायच्या. "उपाशी पोटी का पाठवायचं कुणाला?" मग खरी जखम झाली की पिशवी रिकामी. पहेलवान मरायचा, आणि काकू अशा ओरडायच्या, "मेला गं बाई पहेलवान!" की एकदा खालच्या मजल्यावरच्या भाभी हातातली पोळी तव्यावर सोडून वर आल्या आणि कोण गेलं म्हणून काकांकडेच बघायला लागल्या.

खेळ सुरू करताना तो किती अवघड पाहिजे, ते विचारतो. मी सगळ्यात सोपा लावून दिला होता. थोड्याच दिवसांत काकूंचं बोलावणं आलं. सगळ्यात अवघड जो प्रकार होता, त्याच्यापुढे कवटीचं चित्र होतं. काकूंनी त्यावर बोट ठेवलं. "हे कर."

"काकू, ह्यात भले भले टिकत नाहीत. आणि तुमचा तर सोप्यातही..."

"कवटीवालंच कर."

झालं. मी ही गोष्ट मीठमसाला लावून सगळ्या मल्हारगंजाला सांगितली. गल्लीतली पोरं त्यांना वाटेत अडवून विचारायची, "आंटी, पहेलवान कैसे हैं?" काकू शांतपणे उत्तर द्यायच्या, "सकाळपासून चारदा वारले." आणि काका मला जिन्यात भेटले तर मान हलवायचे. एकदा तर चक्क म्हणाले, "तिला जमत काही नाही रे. हौस मात्र दांडगी."

मला स्वतःला त्या घरात बसवायचं नाही, ते त्या लोडिंगमुळे. पहेलवान मेला की पडदा काळा व्हायचा, मग पिवळट कागदावर काढल्यासारखा त्या मजल्याचा नकाशा यायचा, आणि खाली एक हिरवी पट्टी भरायला लागायची. भरायला म्हणजे काय, मुंगी तरी लवकर पोचेल. पट्टी अर्ध्यावर येऊन अडकायची, मशीन घरघरायचं, काकू उठून चहा टाकायच्या, गाळायच्या, कप आणून ठेवायच्या, तरी पट्टी आपली तिथेच. माझं डोकं फिरायचं. पाठीमागे काका काहीबाही पुटपुटत असायचे, पण तिकडे माझं लक्ष कुठलं! मी म्हटलं, काकू, माझ्याकडे जुनी मेमरी पडलीय, फुकट टाकून देतो, खटाखट चालेल. तर माझ्यावरच डाफरल्या, "खबरदार हात लावशील तर! घाई कसली आहे तुला?"

अशा बाईकडे मुलाने नवंकोरं, सुसाट मशीन आणून ठेवलं होतं, तोच खेळ त्यात घालून.

डबा घेतला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रू काढायचा पेचकस घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू पाठमोऱ्या बसून खेळत होत्या, आणि मी दारातच खिळलो. अहो, काय तो हात! पहेलवान सरकतोय, वाकतोय, मागे येऊन वार करतोय. कवटीवाल्यातले राक्षस पटापट आडवे होताहेत. आणि मजला कुठला, तर सगळ्यात खालचा. मी स्वतः तिथवर कधी पोचलो नव्हतो.

"काकू! तुम्हाला तर येतं!"

त्या दचकल्या. "हळू बोल. येतीलच हे."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. काकूंनी झटक्यात तो मजला बंद केला आणि पहेलवानाला पार वरच्या मजल्यावर नेऊन उभं केलं. काका आत आले, कोथिंबिरीची पिशवी खुंटीला लावली, स्टूल ओढून काकूंच्या पाठीमागे बसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत काकूंचा हात लुळा पडला. माऊस जन्मात पहिल्यांदा धरल्यासारखा धरून त्यांनी पहेलवानाला राक्षसाच्या पुढ्यात नेलं आणि तसंच उभं राहू दिलं.

"अरे देवा! मेला बाई!"

पडदा काळा झाला. नकाशा आला. काका पुढे वाकले, त्यांनी बोट उचललं. "हे बघ, हे कार्डिंग, आणि इथून..."

नकाशा गेला. नवं मशीन ना, डोळा लवायच्या आत खेळ पुन्हा सुरू.

काकांचं बोट तसंच राहिलं. काकूंनी पुन्हा पहेलवान मारला. नकाशा आला. "इथून पुढे..." नकाशा गेला. तिसऱ्या वेळी काकांनी बोट उचललंच नाही. "फार फास्ट झालंय," एवढंच म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत.

मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तो नकाशा आला होता आणि पट्टी अडकली होती, तेव्हा काका पाठीमागून म्हणाले, हा तर आपल्या मिलचा कार्डिंगचा शेड, कापूस पिंजायचा. मग जितका वेळ नकाशा समोर, तितका वेळ ते बोलत राहिले. नकाशा गेला की गप्प.

"म्हणून मग मरत राहिले मी," काकू म्हणाल्या. "सोप्यात मरायला फार वेळ लागतो रे. म्हणून कवटीवालं."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ह्या बाईची मी गल्लीभर टिंगल करत हिंडलो होतो आणि ती नवऱ्याच्या दोन वाक्यांसाठी दिवसभर राक्षसांच्या पुढ्यात उभी राहत होती.

मशीन उचलून मी दुकानात आणलं. आयुष्यात पहिल्यांदा चांगलं मशीन हाताने बिघडवायला बसलो. बरीचशी मेमरी काढून घेतली, लोकांनी टाकून दिलेला रडका सीडी ड्राइव्ह बसवला, खेळ सीडीवरूनच उचलेल असं करून टाकलं. शेजारचा नमकीनवाला बघत होता. "क्या कर रिये हो भिया?" म्हटलं, सर्व्हिसिंग. लावून बघितलं तर पट्टी अर्ध्यावर येऊन अशी अडकली, की जीव निवाला.

त्यानंतर मी मुद्दाम त्यांच्याकडे जायला लागलो, आणि लोडिंग चालू असताना बसायला शिकलो. नकाशा आला की काकांची जीभ सुटायची. आधी ते त्या तळघराचा पंचनामा करायचे. "एवढा मोठा कारखाना, आणि जिना एकच? आग लागली तर माणसं जातील कुठून? राक्षस झाले म्हणून काय झालं?" किंवा, "चौकीदार आत ठेवलाय. चौकीदार दाराबाहेर असतो, गाढवा." हे गाढव म्हणजे ज्याने कुणी परदेशात बसून तो नकाशा काढला तो. एका लांबलचक भिंतीमागे कॅन्टीन असलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. काकूंनी एक अख्खी दुपार पहेलवानाकडून ती भिंत ठोकून घेतली. मागे काही नव्हतं. "बंद केलं असेल," काका म्हणाले.

मग भिंतींवरून माणसांवर यायचे. इथे कोण उभा राहायचा, कुणाचा आवाज यंत्रांच्या वर चढायचा, कोण डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटायचा. त्यातली किती माणसं आता कुठे आहेत, ते त्यांना ठाऊक नव्हतं. एखाद्या नावापाशी ते थांबायचे. पट्टी भरायची, काका गप्प व्हायचे, आणि काकू पहेलवानाला पाव खायला घालून परत मरायला घेऊन जायच्या.

काकांना शेवटपर्यंत कळलं नाही की तिला सगळं येतं. मिलची चिमणी पाडली, त्या थंडीत ते गेले. ताप आला, उतरला, परत आला, आणि गेले. नितीन येऊन सगळं करून परत गेला. काकूंना पुण्याला चला म्हणाला. त्या म्हणाल्या, बघते.

मग एके दिवशी दुकानासमोर रिक्षा थांबली. काकू उतरल्या. मशीन त्यांनी मांडीवर धरून आणलं होतं, वर ते भरतकामाचं आवरण. मी धावत जाऊन उचललं, काउंटरवर ठेवलं.

"आता कर फास्ट," काकू म्हणाल्या.

"बसा काकू. आधी लावून बघतो," म्हणून मी वायर जोडली. पेचकस हातातच होता. खेळ लावला. पडदा काळा झाला, पिवळट नकाशा आला, हिरवी पट्टी निघाली आणि अर्ध्यावर अडकली. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. काकू नकाशाकडे बघत होत्या. ती पट्टी अशी रेंगाळत होती की मला माझाच राग आला.

शेवटी पट्टी भरली. पहेलवान दारात उभा राहिला. समोरून राक्षस आला.

"काकू, मारा ना," मी म्हणालो. "समोर आहे."

त्यांनी माऊसला हातच लावला नाही. राक्षसाने एक घाव घातला, दोन घातले, पहेलवान कोसळला. काकू ओरडल्या नाहीत. पडदा काळा झाला, नकाशा पुन्हा आला. तेव्हा त्यांनी स्टूल पुढे ओढलं, चष्मा पदराने पुसला आणि बोट उचललं.

"हे कार्डिंग," त्या म्हणाल्या. "आणि हे इथे, खिडकीपाशी, ह्यांचं टेबल."

मी पेचकस खणात ठेवला आणि चहा सांगितला.